दोस्तांची रीत

कोण दोस्त आणि कोण दुश्मन, हे लक्षात ठेवायचाच त्सोनाला आता कंटाळा आला होता. तिचा नवरा तुर्कांशी लढताना गेला, तेव्हा सर्ब म्हणजे आपले भाऊ. वर्ष पालटलं नाही तोच त्या भावांशीच जुंपली. आणि आता? बल्गेरियाने जर्मनांशी हातमिळवणी केली, तुर्क आपल्या बाजूला आले, आणि ज्या रशियनांच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्त्या लावायच्या, त्यांच्याच गोळीने तिच्या पोराचा, स्तान्योचा पाय फोडला.

"राजेलोक सोयरिकी जुळवतात अन् आहेर आपण द्यायचा," शेजारचा वेल्को म्हातारा म्हणाला. "बरं ऐक. दवाखान्यात जर्मन डॉक्टर आहे. त्यांचं सगळं उलटं असतं हं! आपली मान आडवी हलली की 'हो'. त्यांच्यात तेच 'नाही'. घोळ घालशील!"

"दोस्ती करताना एवढं तरी ठरवायचं, मेल्यांनी!" त्सोना वैतागली.

दवाखाना गावच्या शाळेत होता. रात्रभर कण्हून स्तान्योचा नुकताच डोळा लागला होता. डॉक्टर आला. झोपेविना डोळे तांबारलेले, पण माणूस भला दिसत होता. दुभाष्या आघाडीवर गेलेला. डॉक्टरने पाय तपासला, हाताची करवत करून गुडघ्यावर फिरवली आणि भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं.

एका पायाचा मेंढपाळ जगणार कसा? पोर जागं होऊ नये म्हणून तिने तोंडातून शब्द काढला नाही. वेल्कोचं बोलणं आठवलं आणि तिने जर्मनांच्या रीतीने मान आडवी हलवली. नाही.

डॉक्टरनेही अगदी तश्शीच मान हलवली. 'नाही कापत' म्हणतोय बिचारा! त्सोनाचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन तिने उरलेली एकुलती एक कोंबडी कापली आणि सूप केलं.

परत येऊन बघते तो, गुडघ्याखाली चादर सपाट.

"अहो मावशी, ओरडता काय?" गावातलीच नर्स धावत आली. "तुम्हीच तर 'हो' म्हणालात ना! साहेब मुद्दाम आपली रीत शिकलेत. आपल्या माणसांचा घोटाळा व्हायला नको म्हणून."

स्तान्योने डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते.

"आई, कापायच्या आधी तुला विचारलं होतं का गं त्यांनी?"

सुपाचं भांडं हातातच राहिलं. मान कुठल्या बाजूला हलवावी, तेच त्सोनाला कळेना.