शून्य नंबरची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे आणि स्वभावाने पक्की संशयी आहे. जन्मापासून तशी नव्हते. पाच काचा चिकटवून मला तयार केले, तेव्हा मला वाटले होते की आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यात शंखशिंपल्यांसह ऐटीत बसणार. पण माझी रवानगी झाली ती प्रयोगशाळेत, आणि तिथे माझ्या कपाळावर चिठ्ठी लागली: 'शून्य'.

शून्य म्हणजे काय, ते ऐका. एखादे रसायन पाण्यातल्या जीवांना किती घातक आहे हे पाहायचे असेल, तर सहा टाक्यांत सारखेच पाणी आणि एकाच हौदातले दहा-दहा मासे घेतात. पाच टाक्यांत ते रसायन चढत्या प्रमाणात घालतात आणि सहाव्या टाकीत काहीच घालत नाहीत. ती सहावी मी. मग चार दिवस मासे मोजतात. माझ्यातला एखादा मासा गेला तर चालते, पण दोन गेले की सगळा प्रयोग रद्द! मग माझा तळ खरवडतात, मला उलटीपालटी करून बघतात. असे दिवस काढल्यावर कोण संशयी होणार नाही? कुणी बाटलीचे बूच उघडले तरी माझ्या अंगावर काटा येई.

प्रयोग करणाऱ्या ताई मोजकेच बोलत. माशांची देखभाल करणारे मामा मात्र अखंड बोलत, तेही माशांशी. "काय रे बाबांनो, झोप झाली का?" अशी त्यांची सकाळ सुरू होई. ते मागच्याच खोलीत राहत.

एके दिवशी दुपारी एका कारखान्याचे साहेब बाटली घेऊन आले. यंत्रांवरचे तेल धुऊन काढणारा तो नवा द्रव होता. धुतल्यानंतरचे पाणी कारखान्यामागच्या ओढ्यात सोडायचे होते, आणि ताईंच्या सहीशिवाय ते सोडता येत नव्हते. ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती होती. तिथली माणसे त्याच ओढ्याचे पाणी भरत. ताईंनी बूच काढताच खोलीभर उग्र वास पसरला.

"मामा, हा द्रव हवेत उडून जातो," ताई म्हणाल्या. "चारही दिवस झाकणं बंद आणि हवेचा पंपही बंद. मासे बोटभरसुद्धा नाहीत, पाण्यातली हवा त्यांना पुरेल. मोजायचं ते काचेतूनच."

साहेब जाताना दारात थांबले. मामांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी कानात काहीतरी सांगितले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

पाच टाक्यांत द्रव घालून संध्याकाळी ताई घरी गेल्या. शेजारच्या टाक्यांतले मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले, काही तर कुशीवर कलंडले. मामा आले, घुटमळले. मग त्यांनी पाचही झाकणे बाजूला सारली आणि पंपाच्या नळ्या पाण्यात सोडल्या. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. सकाळी ताई यायच्या आत झाकणे जागच्या जागी! रोज हेच. हा माणूस साहेबांना फितूर झाला, याची माझी खात्रीच पटली. मी आतल्या आत धुमसत होते, पण काचेला बोलता कुठे येते?

चौथ्या दिवशी साठच्या साठ मासे जिवंत होते. साहेबांचा फोन आला, "मग सही कधी करताय?"

"बघते," एवढेच म्हणून ताईंनी फोन ठेवला. शंका त्यांनाही आली होती. त्यांनी बाटली हुंगली, तर वास तसाच उग्र. टाक्या हुंगल्या, तर वासाचा मागमूस नाही. मग त्यांनी एकेका झाकणाच्या आतून बोट फिरवले. पाचही झाकणे कोरडी ठणठणीत होती. माझ्या झाकणाला मात्र आतून पाण्याचे थेंब लोंबत होते, कारण ते कुणी उघडलेच नव्हते.

"मामा, झाकणं कुणी उघडली?"

मामांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मीच. तडफडत होती हो लेकरं. बघवेना मला."

"साहेबांनी सांगितलं होतं?"

"छे! त्यांच्या बुटाचा तळ सुटला होता. शिवून कुठं मिळेल, ते हळूच विचारत होते."

मला ओशाळल्यासारखे झाले. ताई स्टुलावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मामा, इथं तुम्ही पंप लावलात. ओढ्याला पंप कोण लावणार?"

मामांचा चेहरा उतरला. कितीतरी वेळ ते नळ्या गुंडाळत राहिले.

प्रयोग पुन्हा झाला. ताईंनी मामांना रजा घ्यायला सुचवले. "नको," मामा म्हणाले, "मीच मोजतो." चार दिवस ते हात पाठीमागे बांधून टाक्यांसमोर उभे राहिले. पहिल्या टाकीत तीन मासे मेले, दुसरीत सहा आणि उरलेल्या तिन्ही टाक्यांत दहाच्या दहा. माझ्यातले दहाही मासे मजेत पोहत होते आणि मला त्याची लाज वाटत होती.

साहेब तावातावाने आले. "तुमचे मासेच आजारी असतील!"

साहेबलोकांपुढे कधी मान वर न करणारे मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा ना, साहेब. हे त्याच हौदातले. यांच्यात फक्त तुमची बाटली ओतली नाही."

साहेबांनी वाकून माझ्यातले मासे मोजले आणि आपली बाटली उचलून ते निघून गेले. ते पाणी ओढ्यात गेले नाही.

आता माझा एक कोपरा तडकला आहे. माझ्यात जुन्या नळ्या आणि फाटकी जाळी ठेवतात. असो, त्याची तक्रार नाही. मित्रांनो, मागणे एकच आहे. मोरीत किंवा ओढ्यात काही ओतताना कुणी म्हणाले की 'याने काही होत नाही', तर तो माणूस कितीही भला असो, खुशाल संशय घ्या. त्या वेळी एकोणचाळीस मासे गेले. मामांना तो आकडा अजून पाठ आहे. त्या माशांचे मरण वाया जाऊ देऊ नका.