पहिला घोट

अटाकामाच्या वाळवंटातली माती मंगळासारखीच कोरडी. तिच्यात जीव शोधता शोधता डॉक्टर फ्रेसियाचं आयुष्य गेलं. आज शेवटचं खोदकाम होतं, आणि नमुने पुन्हा निर्जीवच निघाले होते.

"जमिनीला पहिला घोट द्या म्हणून सांगत होतो," म्हातारा वाटाड्या सिक्स्तो म्हणाला. "घरच्या मालकिणीला कोरडं ठेवून आपणच पिता का?"

"पाण्याने नमुना बाटतो, सिक्स्तोदादा."

पण आता नमुने घेणं संपलं होतं. तिने बाटलीतलं थोडं पाणी खोदलेल्या भोकात ओतलं. खोलवर कोणीतरी ते गिळलं. मग भोकावर धरलेल्या तिच्या तळहाताखालची हवा हळूच आत ओढली गेली.

सिक्स्तोने टोपी काढली. "आता थांबू नका, बाई. तिला चव लागलीय."

फ्रेसियाने बाटली उलटी केली. परतीच्या वाटेसाठी तेवढंच पाणी होतं.