बाई पहिलीत बसतात

शाळेत वाचन तपासणारा टॅब आला आणि मोठ्या बाईंच्या अंगातच आलं. मुलानं मोठ्यानं वाचायचं, टॅबनं ऐकायचं आणि त्याची इयत्ता ठरवायची. टॅबचा शब्द शेवटचा. कसं वाचायचं ते दाखवायला चौथीच्या बाई पुढे झाल्या. धड्यातली बकरी झोपलेल्या राजाची मिशी गवत समजून खाते, तिथं त्यांना दरवर्षीप्रमाणे हसू फुटलं. टॅबनं हसणं चुकीत धरलं आणि निकाल दिला : इयत्ता पहिली.

"अहो, मी शिकवते इथं!"

"टॅबला तसं वाटत नाही," म्हणत मोठ्या बाईंनी त्यांना पहिलीच्या शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं.

गुडघे बाकात मावेनात. घरी नवऱ्यानं प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही केली, वर विचारलं, "गृहपाठ झाला का गं?" बाईंना रडूच कोसळलं. तिकडे चौथीची पोरं बाईंऐवजी भिंतीवर लावलेल्या पडद्यापुढे बसत होती आणि शंका विचारली की पडदा नुसतं गोल चक्र फिरवत बसायचा. आपला वर्ग परत मिळावा, एवढंच बाईंना हवं होतं.

शेजारी एक मुलगी बसे. टॅबपुढे तोंडच उघडत नसल्यानं सगळे तिला ढिम्म म्हणत. बाई रिकाम्या बसून करणार काय? रोज तिचं बोट धरून ओळीखालून फिरवायच्या. पोरगी आपली ढिम्मच.

मग फेरपरीक्षा आली. नापास झालात तर वर्षभर इथंच, मोठ्या बाईंनी बजावलं. बाईंनी आरशापुढे न हसण्याचा सराव केला होता. टॅब बाकावर बाई आणि ढिम्म यांच्या मध्ये ठेवला गेला. त्यावरचा धडा नवाकोरा, कुणीच न पाहिलेला. बाई ठोकळ्यासारख्या वाचू लागल्या, "हत्ती केस कापायच्या दुकानात शिरला. खुर्चीत बसला..."

शेजारून खुदकन हसू ऐकू आलं.

बाई थांबल्या. हसण्यासारखं त्यांनी अजून काही वाचलंच नव्हतं. ढिम्मचं बोट दोन ओळी पुढे होतं.

"काय आहे गं तिथं?"

"न्हावी विचारतोय," तिला हसू आवरेना, "साहेब, सोंडही बारीक करू का?"

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. टॅबवर निकाल उमटला : बालवाडी.

"चला, उठा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पुढचं वाचू?" मुलीनं विचारलं.

बाईंनी मोठ्या बाईंना हातानंच थांबवलं. "वाच."