मोठ्यानं वाचू नये

आमच्या अल्लीपूरच्या सार्वजनिक वाचनालयात तो बोर्ड लागला अन् माह्यं डोकं फिरलं. आजूक फिरलेलंच हाय.

आमची रीत साधी होती. वावरातून आलं का हातपाय धुवाचे अन् सांजच्याले वाचनालयात जमाचं. मी, दीपमाला, दहावी शिकलेली, म्हणून पेपर मी वाचाचा, मोठ्यानं. बाकीच्या बायाइनं आयकाचा. मंग त्याच्यावर भांडणं, हासणं, सारंच. कांतामाय सगळ्याइच्या पुढं बसे. तिले अक्षर येत नाई, पण मी बातमी अर्धी सोडली का लगेच म्हणे, मधात काऊन गाळतं वो? बौद्ध मोहल्ल्यातल्या, गोंडटोलीतल्या, पाटलाच्या घरच्या, साऱ्या एकाच सतरंजीवर. गावात अशी दुसरी जागा दाखवा मले.

घरोघरी नळाची योजना आली, हे कांतामायनं तिथंच आयकलं. गेल्या ग्रामसभेत ती उठली अन् आमच्या मोहल्ल्यातले नळ कोठी गेले म्हणून सरपंचाले इचारलं. सरपंच नुसता कागदं चाळत बसला. अन् हा सरपंच कोण, तं वाचनालयाच्या अध्यक्षाचा, रूपरावभाऊचा, सख्खा साळा.

झालं. थोड्याच दिवसात भितीवर बोर्ड लागला.

मी रूपरावभाऊले जाब इचारला. तं म्हणे तपासणी हाय, शांतता नसली तं अनुदान जाते, वरून नियम हाय. मी म्हणलं, नियम दाखवा. ते दाखवेनात. म्हणे, ज्याले वाचता येते त्यानं मनात वाचावं. अन् ज्याले येत नाई त्यानं? त्याचं वाचनालयात काय काम, म्हणे. जीभ नाई झडली बाप्पा माणसाची! अनुदान साऱ्या गावाच्या नावानं घ्याचं अन् अर्ध्या गावाले दारातून हाकलाचं?

ग्रामसभा पुन्हा तोंडावर आली होती. त्या दिवशीच्या पेपरात नळयोजनेचीच बातमी होती. ती आयकल्याबिगर कांतामाय सभेत बोलणार कशी?

सांजी आम्ही गेलोच. रूपरावभाऊ राखण केल्यासारखे खुर्ची टाकून बसून होते. कांतामाय सतरंजीवर नाई बसली. सरळ बोर्डापाशी गेली.

"भाऊ, याच्यावर काय लिवलं हाय?"

"दीपमालानं सांगतलं नाई का?"

"तिले तं तोंड उघडाची बंदी हाय. तुमीच वाचा. समजल्याबिगर नियम पाळू कशी?"

साऱ्याइचे डोळे त्याइच्यावर. ते पुटपुटले. कांतामाय म्हणे, आयकू नाई आलं. मंग त्याइनं चिडून, चांगलं खणखणीत वाचलं, "वाचनालयात बोलू नये. मोठ्यानं वाचू नये."

वाचून झाल्यावर त्याइच्या ध्यानात आलं. चेहरा उतरला.

कांतामायनं पदर सावरला, सतरंजीवर आपल्या जागी बसली.

"दीपमाला, सुरुवात अध्यक्षाइनंच केली. आता नळाची बातमी वाच. मधात गाळू नोको."

मी वाचली. सरपंचाच्या घरापर्यंत जाईन एवढ्या आवाजात.