एका माणसाला एकच बाप

"एका माणसाला एकच बाप असतो, मेरिम. एवढं साधं तुझ्या डोक्यात का शिरत नाही?" संगणकशास्त्राच्या मिर्लान सरांनी पडद्यावरच्या लाल ओळीवर बोट आपटलं.

ती लाल ओळ खुद्द मेरिमचीच होती. बिश्केकच्या विद्यापीठात इतिहास आणि संगणकशास्त्र असे दोन्ही विषय एकत्र घेऊन ती शेवटच्या वर्षाला पोचली होती आणि दोन्हींनी मिळून तिला जीव नकोसा केला होता. संगणकवाले तिला 'मेलेल्यांची मैत्रीण' म्हणत. इतिहासवाल्यांना ती फक्त प्रिंटर अडला की आठवे. दोन्हीकडच्या परीक्षा हटकून एकाच सकाळी येत. शेवटच्या प्रकल्पाला तिने नारीनकडच्या आपल्या गावाची वंशावळ घेतली. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही आपले सात बापजादे घडाघडा म्हणता येतात, तेव्हा काम सोपं वाटलं होतं.

घोडं अडलं ते तिच्याच नावापाशी. मेरिमला वाढवलं होतं आजोबांनी. पहिलं नातवंड आजी-आजोबांना द्यायचं, ही आमची जुनी रीत. त्या मुलाने मग आजोबांना बाबा म्हणायचं, जन्मदात्याला दादा आणि जन्मदात्रीला वहिनी. यात लपवाछपवी नसते. सगळ्या गावाला ठाऊक असतं, फक्त बोलत कोणी नाही. संगणकाला मात्र रीतभात कळत नाही. मेरिमची आई म्हणून आजीचं नाव टाकलं, की पन्नाशी उलटलेल्या बाईला मूल झालेलं बघून तो लाल होई.

सर म्हणाले, जन्मदात्याचं नाव टाक, नाहीतर माझी सही मिळणार नाही. इतिहासाच्या बुरुलबाई म्हणाल्या, घरचे सांगतात तेच लिहायचं, ढवळाढवळ केलीस तर माझी सही विसर. दोघांच्या खोल्या समोरासमोर, पण एकमेकांशी बोलतील तर शपथ. निरोप्याचं काम वर्षभर मेरिमच्याच गळ्यात. शेवटी वैतागून तिने बाप म्हणून दादाचं आणि आई म्हणून वहिनीचं नाव टाकलं. लाल ओळ गेली. आता बाबांनी एकदा मान डोलावली की बाईंचंही तोंड बंद होईल, या हिशेबाने तिने गावची गाडी पकडली.

घरात बाईमाणूस नव्हतं. आजी वारली होती, आणि मेरिमला जन्म देणारी वहिनी मॉस्कोत कामाला होती. चहा झाला. बाबा, म्हणजे म्हातारे तोक्तोसून, टोपी सारखी करून संगणकासमोर बसले. दाराशी दादा, म्हणजे सापार, घोड्याचा लगाम शिवत होता.

"वाच," बाबा म्हणाले.

मेरिम पडद्यावरून वाचू लागली. सापार, तोक्तोसून, इसाक, बेर्दिबाय. ही नावं तिने बाबांच्या मांडीवर बसून पाठ केली होती, पण तेव्हा सुरुवात तोक्तोसूनपासून व्हायची आणि सातवा यायचा चोरो. बाबा प्रत्येक नावाला एक बोट मिटत होते. सातवं बोट मिटलं ते कुल्बायच्या नावावर.

"चोरो कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

मेरिमने यादी पुन्हा वरून पाहिली. सुरुवातीलाच एक माणूस वाढला होता, म्हणून शेवटचा बाहेर पडला होता. बाबांनाही ते कळायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा असा उतरला की तिला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली. गावाने जे एवढी वर्षं त्यांच्या तोंडावर म्हटलं नव्हतं ते तिने म्हटलं होतं, तेही दोन सह्यांसाठी.

दादा लगाम ठेवून उठला. तिच्या नावापुढे बाप म्हणून स्वतःचं नाव त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ तो ते पाहत राहिला.

"मशीन चुकलंय," तो म्हणाला. "मी भाऊ आहे तुझा. माझं नाव काढ."

"दादा, अरे पण सर..."

"काढ म्हणतो ना. बाबांसमोर काढ."

तिने काढलं, जुनी नावं परत टाकली. ओळ पुन्हा लाल झाली आणि चोरो परत आला. बाबांनी कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांची ताटली तिच्यापुढे सरकवली आणि चोरोने कोणाचा घोडा पळवला होता ते सांगायला घेतलं, अगदी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दादा तिला हमरस्त्यापर्यंत सोडायला आला. तिथूनच तिने सरांना फोन लावला.

"सर, ओळ लालच राहणार. चूक तुमच्या नियमात आहे, माझ्या घरात नाही." सरांनी गुण कापायची धमकी दिली. "कापा," म्हणून तिने फोन ठेवला.

दादा रस्त्याकडे बघत उभा होता. "काल काढलंस ते पार पुसलं गेलं का गं?"

"नाही. काय लिहिलं, काय काढलं, सगळं आत राहतं. मुद्दाम शोधलं तर सापडतं."

"म्हणजे माझं नाव आहे अजून तिथे."

"आहे."

"बाबांना दिसायचं नाही ना?"

"नाही दिसणार."

"मग असू दे."

गाडी आली. त्याने तिची पिशवी आत चढवली. आपल्या बापासमोर आपल्या पोरीला जवळ घ्यायचं नसतं, म्हणून तो आजवर तिच्यापासून हातभर लांबच राहिला होता. बाबा दूर घरी होते, तरी सवयीने त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मग खाली वाकून त्याने तिचं कपाळ हुंगलं, तान्ह्या मुलाचं हुंगतात तसं, आणि बाहेरून गाडीचं दार लावलं.