रबरी सुरा आणि तिसरी हाक

ऐका ना मित्रांनो, मध्ये कोणी बोलू नका, नाहीतर माझं अर्धं राहून जाईल. मी एक रबराचा सुरा आहे. धार नाही, टोक नाही, वाकवला तर वाकतो. कारखान्यात साच्यातून निघालो, वर चंदेरी रंग मारला, आणि थेट पोलिसांना शिकवतात त्या मैदानावर आलो. तिथल्या उस्तादांनी मला उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाले, "वा, लांबून खराच वाटतो की!" इतका फुगलो मी, काय सांगू!

माझं काम सोपं. तिथल्या खानावळीतला आचारी मला हातात घेऊन वेड्याचं सोंग करायचा. केस विस्कटायचे, डोळे वटारायचे, स्वतःशीच बडबडायचं. समोर शिकाऊ शिपाई, कापूस गुंडाळलेली काठी घेऊन. त्यानं तीनदा ओरडायचं, "टाक खाली!" आणि तिसऱ्या हाकेला आचारी धावून जायचा, की शिपायानं काठी हाणायची. दर वेळी! कारण सुरुवातीला एकदा तो नुसताच उभा राहिला, तर खेळ संपेचना. शेवटी तोच म्हणाला, "उस्ताद, तिकडे माझा भात करपतोय हो!"

उस्ताद हसले. "मग तिसऱ्या हाकेला धाव, लवकर उरकेल."

झालं. तेव्हापासून तोच धडा.

त्या शिकाऊ शिपायांत सगळ्यात चपळ होता लंबू. आचाऱ्यानं पाय उचलायच्या आत याची काठी बसायची. टाळ्या पडायच्या, आणि मला वाटायचं, त्यातल्या थोड्या माझ्यासाठीच आहेत. लंबू पास होऊन शहरात नोकरीला लागला.

पुढचं ऐकताना मात्र हसू नका. एका सकाळी शिपाई वर्गात होते. मैदानावर उस्ताद, आचारी आणि मी. एक बाई आली. म्हणाली, "तुमच्या शिपायानं माझ्या भावाच्या डोक्यात काठी घातली. गेला तो."

उस्तादांना ठाऊक होतं. लंबूच तो. ते खाली बघत म्हणाले, "ताई, त्याच्या हातात पेचकस होता. तीनदा सांगितलं होतं त्याला."

"त्याच्या कानात आवाज यायचे हो. त्यात वरून कोणी ओरडलं की अंग ताठ व्हायचं, मूठ उघडायचीच नाही. आई लांब उभी राहून हळू बोलायची, वाट बघायची. मग मूठ सुटायची." तिची नजर माझ्यावर पडली. "दाखवा ना मला, तुम्ही काय शिकवता."

आणि तिनं मला उचललं. हात थंडगार होता तिचा. उस्तादांनी काठी घेतली.

"टाक खाली!" ती उभी.

"टाक खाली!" ती उभी, मान खाली, मूठ घट्ट.

"टाक खाली!" ती हललीसुद्धा नाही, आणि मित्रांनो, काठी तिच्या खांद्यावर बसली!

उस्ताद स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले.

"तोही असाच उभा होता," ताई म्हणाली. "तुमच्या धड्यात कोणी नुसतं उभं राहतच नाही का हो?"

आचारी मटकन खाली बसला. आतून भात करपल्याचा वास आला, तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. पास होणारे लगेच शहरात जाणार होते. उस्ताद आचाऱ्याच्या कानाशी लागले. "आज धावायचं नाही. नुसता उभा राहा. कोणाला सांगू नकोस."

मित्रांनो, माझा चंदेरी रंग कधीच उडालाय. मी रबराचा, मला काय होणार? पण मला धरणारा माणूस असतो. माझ्याकडे बघाच, पण त्याच्याकडेही बघा, एवढंच माझं मागणं आहे.

पहिला शिपाई आला. उंच, चपळ, अगदी लंबूसारखा. दोन हाका झाल्या. तिसरी झाली. आचारी मान खाली घालून उभाच. माझ्याभोवतीची त्याची मूठ घामानं चिंब झाली होती. आणि समोर काठी वर गेली.

तुम्हीच सांगा, ती काठी तुमच्या हातात असती, तर तुम्ही काय केलं असतं?