धोंड्याची कमाई

खुशालरावचा भाजीचा मळा भातकुलीच्या अलीकडंच. माणूस पन्नाशी ओलांडलेला, पन दिवसाकाठी कोनाची तरी फिरकी घेतल्याबिगर त्याले भाकर गोड लागत नसे. अमरावतीच्या मंडईत एका बाईले त्यानं सांगतलं होतं, "ताई, हे भेंडी फ्रिजात ठेवू नोका, रुसते." ते बिचारी आठ दिवसांनी येऊन म्हणे, "भाऊ, टेबलावर ठेवली होती, तरी सुकली." खुशालराव म्हणे, "मंग तुमी तिच्यासंगं बोलल्या नसान!"

अशा माणसाले जावई भेटला थेट केनियाचा. ओटिएनो त्याचं नाव, गणिताचा मास्तर. खुशालरावची पोरगी आरती पुण्यात नर्सिंग शिकत होती, तो तिथंच बी.एड. करत होता. दोघांचं जमलं, रजिस्टर लग्न झालं, मंग आरतीले अमरावतीच्या दवाखान्यात नोकरी लागली आन दोघं मळ्यातच राहाले आले. ओटिएनो म्हणाले गावाची जीभ वळे ना, म्हणून दोन दिवसांत त्याचा ओटेबापू झाला.

सगळं ब्येस होतं, फक्त व्हिशाची भानगड होती. बायको इथली म्हणून त्याले राहाचा व्हिसा होता. राहा, जेवा, झोपा, पन काम करू नका. अमरावतीची एक शाळा त्याले घ्याले तयार होती. कामाच्या परवानगीचा अर्जही गेला होता. आता अर्ज निघते कधी, याची सारे वाट पाहून राह्यले होते.

खुशालराव चारचौघांत म्हणे, "सरकारनं हा कायदा आपल्या वऱ्हाडात येऊन केला गा. सासुरवाडीत जावयानं कामाले हात लावाचाच नसते!"

पन ओटेबापूले रिकामं बसवे ना. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तशी वस्तीतली पोरं निंबाखाली जमू लागली आन तो त्यायले भागाकार शिकवू लागला. फुकट.

त्यातच आला धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा अधिकमास येते, तवा जावयाले बोलवाचं, अनारसे खाऊ घालाचे, कपडालत्ता, भांडंकुंडं द्याचं. खुशालरावच्या डोक्यात किडा वळवळला. घरोघरी जाऊन त्यानं सांगतलं, "ओटेबापू माह्या एकट्याचा जावई नाही. तुमच्या पोरायले शिकवते, म्हणजे साऱ्या वस्तीचा जावई. धोंडा तुमालेही लागू हाय!"

खरं तर त्याले सोताले अनारसे खाचे होते. पन लोकं भोळी, आन ओटेबापूवर जीव. कोनी धोतरजोडा आनला, कोनी पितळी तांब्या, कोनी टॉवेल-टोपी. डबे तं इतके आले की त्याच्या बायकोले, दुर्गाबाईले, चूल पेटवाले जागा उरली नाही. खुशालरावनं जावयाले पाटावर बसवलं, भोवती सारा माल मांडला, मागं पोरं पाट्या धरून उभी केली आन फोटो काढून स्टेटस ठेवला: 'गनिताच्या सरांची एका महिन्याची कमाई!'

दिवसभर लोकं हसले. मंग तो फोटो कुठून कुठून फिरत गेला आन पोलिसाच्या ऑफिसात, जिथं परदेशी लोकायचे कागद पाह्यतात, तिथं जाऊन पोचला. त्यासंगं कोनाचा तरी निनावी अर्ज: परदेशी माणूस बिनापरवानगी ट्यूशन चालवते.

त्या ऑफिसातले इंगोलेसाहेब चौकशीले आले तवा खुशालराव वांगे तोडून राह्यला होता. साहेबानं मोबाइल समोर धरला.

"हा स्टेटस तुमचा?"

"हो साहेब."

"आणि ही कमाई यांची?"

खुशालरावच्या हातातलं वांगं खाली पडलं.

आरती दारात उभी होती. हलक्या आवाजात म्हणे, "बाबा, बिनापरवानगी काम केलं असं ठरलं ना, तं परवानगी तं गेलीच, व्हिसाही वाढत नाही. यायले परत जा लागंन." मंग ओटेबापूकडं पाहून, "आन मी इथं राहून काय करू?"

एकुलती एक पोरगी. खुशालरावले पह्यल्यांदा सोताच्या मस्करीवर हसू आलं नाही.

"साहेब, बसा तं खरं," म्हणून दुर्गाबाईनं खुर्ची मांडली आन सवयीनं अनारश्याची ताटली पुढं केली.

साहेबानं हात जोडले. "नको बाई. परवाच परतवाड्याला सासरी तेहतीस अनारसे वाढले. अजून डोळ्यांसमोर तेच दिसतात."

खुशालरावनं कान टवकारले.

"परतवाड्याले ड्युटी होती का साहेब?"

"ड्युटी कसली? धोंडा होता."

"आन हे अंगठी?"

"सासऱ्यांनी घातली."

"मंग साहेब," खुशालराव टोपी नीट करत म्हणे, "तितं तुमी काय काम केलं म्हणून भेटली?"

साहेबानं अंगठीचा हात खिशात घातला. दुर्गाबाई पदर तोंडाले लावून आत पळाली.

"तो मुद्दा वेगळा," साहेब खाकरून म्हणे. "हे एकट्या सासऱ्याचं नाही. एवढ्या घरांचं सामान आहे."

"साऱ्या वस्तीनं जावई मानला, साहेब. इचारा कोनालेही."

साहेब ओटेबापूकडं वळले. "तुम्हीच सांगा. मुलांना शिकवता की नाही?"

खुशालराव मागून मुंडी हलवू हलवू 'नाही म्हण, नाही म्हण' करून राह्यला होता. पन जावई सरळ माणूस.

"शिकवतो ना, साहेब. रोज सकाळी. पैसे घेत नाही. डबे आले तं मले वाटलं, इथं असंच असते."

आरतीनं डोळे मिटले. खुशालरावनं टोपी काढली.

"साहेब, शिकवाचे पैसे यानं कधीच घेतले नाही. लोकायले धोंडा लावला मी, फोटो काढला मी, कमाई लिवलं मी. हसाची खोड हाय मले. चूक माही हाय, तं मले बोला. माह्या पोरीचं घर नोका मोडू."

साहेब उठले. निंबाखाली गेले, शेजारपाजारच्या दोन-चार बायायले इचारलं. त्यातल्या पार्बताबाईनं तं त्यायलेच झापलं, "जावयाले दिलेला टॉवेल परत मागाले आले का तुमी? तुमच्या सासूले सांगू का?"

परत येऊन साहेब म्हणे, "घरी शेजारच्या मुलांना फुकट भागाकार सांगणं ही काही नोकरी नाही, आणि धोंडा हा पगार नाही. तसंच लिहीन. पण परवानगी येईपर्यंत हा वर्ग बंद." मंग खुशालरावकडं बोट करून, "आणि तुमचा स्टेटस पण बंद!"

खुशालरावले पह्यली शिक्षा चालली असती. दुसरीनं त्याचा जीव कासावीस झाला.

पोळा तोंडावर आला तवा परवानगी आली. आरतीनं नवऱ्याले पेढा भरवला, दुर्गाबाईनं देवापुढं साखर ठेवली. खुशालराव आनंदानं टोपली घेऊन जावयापुढं उभा राह्यला.

"चाला बापू! आता तं सरकारनंच काम कराले सांगतलं. भेंडी तोडा लागते."

ओटेबापूनं मोबाइलवर परवानगी उघडली. वरून खालपर्यंत वाचली. मंग गंभीर तोंड करून म्हणे,

"बाबा, याच्यात फक्त शाळा लिवली हाय. भेंडीचं नाव नाही. उद्या इंगोलेसाहेब आले तं?"

 आयुष्यात पह्यल्यांदा खुशालरावची कोनी फिरकी घेतली होती, ते बी घरात बसून, वऱ्हाडीत. त्याची छाती फुगली. हे साऱ्या दुनियेले दाखवाचं म्हणून त्यानं मोबाइल काढला, तं दुर्गाबाईनं वरच्यावर हिसकला.

"साहेबानं काय सांगतलं होतं?"

"अवं, परवानगी आली ना आता!"

"त्याची आली. तुमची नाही आली."

टोपली तोवर ओटेबापूनंच उचलली होती. भेंडीच्या वाफ्याकडं जाता जाता तो मागं वळून वरडला,

"आई, बाबाचा अर्ज मी भरून देतो! फक्त चौकशी कडक ठेवा!"